दुपार कुणाची?

गेल्या हिवाळ्यात शहादा तालुक्यातल्या एका गावात मी बचत गटाची बैठक रात्री साडेआठला लावली होती. दिवसा बाया कापूस वेचायला जातात, म्हणून ही वेळ. फळ्यावर शेळीपालनाचा हिशोब मांडत होते, आणि पुढेच बसलेली एक सभासद भिंतीला टेकून झोपून गेली. अहवालात मी लिहिलं, 'सभासदांमध्ये उत्साह कमी.'

चार दिवसांनी ती भेटली. पहाटे चारला उठून पाणी, भाकरी, मग शेत. वेचणीचे पैसे किलोवर, म्हणून दुपारी पाठ टेकायची सोय नाही. संध्याकाळी सरपण, चूल, भांडी. "शेळ्या कधी राखू ताई, रात्री?" तिने हसत विचारलं. मला हसता आलं नाही. एम.एस.डब्ल्यू. करताना बाईच्या दुहेरी ओझ्यावर मी पानंच्या पानं लिहिली होती. इथे तिसरं ओझं मीच घेऊन गेले होते.

मैत्रिणींनो, आपण कुणाचं कौतुक करतो ते एकदा तपासू या. ८ मार्चला सत्कार कुणाचा? घर सांभाळून, शेत करून, पापड लाटून, वर गटाचे हिशोब ठेवणारीचा. सरकारचंही तेच. २०२३ साली लाल किल्ल्यावरून 'लखपती दीदीं'ची घोषणा झाली. उत्पन्नाचा आकडा ठरला, कामाचे तास कुणी मोजले नाहीत. २०१९च्या देशव्यापी वेळ-वापर पाहणीत ते मोजले गेले होते. घरकाम करणारी बाई त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवते, घरकाम करणारा पुरुष ९७. आणि घरकामाला हात लावणारे पुरुष मुळात चारांत एक!

१८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. विसावा हा कामगाराचा हक्क आहे, हे तेव्हा मान्य झालं. पण त्या रविवारीही कामगाराच्या घरची चूल पेटलीच असणार. ती पेटवणारीला सुट्टी कधी, हा प्रश्न अजून तसाच आहे.

कुणी म्हणेल, फुरसतीच्या गोष्टी पोट भरलेल्यांच्या. गरीब बाईला आधी पैसा हवा. पैसा हवाच. पण आठ तासांच्या मजुरीत घर चालत नसेल, तर लढा मजुरीच्या दरासाठी हवा. नवव्या आणि दहाव्या तासाला जोडधंदा शोधून देणं हा त्यावरचा उपाय नाही. दाराशी नळ, परवडणारा गॅस आणि नवऱ्याच्या हाती झाडू, यांनीही बाईचे तास वाचतात.

आणि फुरसत मिळाली की बाया काय करतात? आपल्या तालुक्यात याचं उत्तर पन्नास वर्षांपूर्वीच मिळालं आहे. १९७२ पासून इथे श्रमिक संघटनेने जमिनीचे आणि मजुरीचे लढे उभे केले. शिबिरांसाठी आदिवासी बाया घर सोडून आल्या, एकमेकींजवळ बसल्या, मारहाणीविषयी बोलल्या. त्या बोलण्यातूनच त्या गावोगाव दारूची मडकी फोडायला निघाल्या. दिवसभर राबून रात्री पेंगणाऱ्या बाईला ते बोलणं कुठून सुचणार?

आम्ही रात्रीच्या बैठका बंद केल्या. वेचणी संपल्यावर महिन्यातली एक दुपार गटाने स्वतःसाठी ठेवली. हप्ता नाही, प्रशिक्षण नाही, अहवाल नाही. पहिल्या दुपारी दोघी चक्क झोपल्या, बाकीच्या एकमेकींच्या वेण्या घालत बसल्या. मला अपराधी वाटत होतं, कारण अहवालात काय लिहायचं ते सुचेना. तिसऱ्या दुपारी मात्र वजनकाट्याचा विषय निघाला. कापूस मोजताना किलोमागे किती मारला जातो, याचे अनुभव एकेकीने सांगितले. पुढच्या हंगामात काटा तपासून घ्यायचा, असं त्यांचं त्यांनीच ठरवलं.

म्हणून माझी सूचना अशी: कुठलाही नवा उपक्रम घेण्याआधी गटातल्या प्रत्येकीचा दिवस तासांनिशी मांडा. त्यात जागा नसेल तर उपक्रम थांबवा. आणि आपण कार्यकर्त्यांनी स्वतःचा दिवसही त्याच फळ्यावर मांडावा. मी मांडला तेव्हा बाया म्हणाल्या, "ताई, तुम्हीसुद्धा दुपारी येत जा."