तपासणारा हात काम केलेला हवा

१७ सप्टेंबर हा मराठवाड्याच्या मुक्तीचा दिवस. १९४८ साली निजामी राजवट संपली, त्याची आठवण म्हणून आज शाळांत आणि ग्रामपंचायतींपुढे झेंडावंदन होते. याच तारखेला कारखान्यांत आणि वर्कशॉपांत विश्वकर्मा जयंती असते. यंत्रांना हार चढतात, पान्हे-पकडींची पूजा होते. आयटीआयच्या विद्यार्थ्यांचा देशातला पहिला कौशल्य दीक्षान्त समारंभही २०२२ साली याच दिवशी झाला. स्वातंत्र्य आणि कारागिरी यांची आठवण एकाच दिवशी होत असेल, तर कारागिराच्या वाटा किती मोकळ्या आहेत हे विचारायला याहून चांगला दिवस नाही.

मराठवाड्यातल्याच लोहारा तालुक्यातल्या माकणी गावाची ओळख तेरणेवरच्या धरणाने झाली. धरणाच्या पाण्यामागे मोटारी आल्या, मोटारींमागे डीपी, स्टार्टर, केबल आणि हे सगळे दुरुस्त करणारे हात आले. या पट्ट्यातली किती तरी मुले दहावीनंतर इलेक्ट्रिशियन किंवा वायरमनचा दोन वर्षांचा ट्रेड करतात आणि पुण्या-मुंबईच्या साइटवर जातात. आता जिल्ह्यातच पवनचक्क्या आणि सौर प्रकल्प उभे राहत आहेत. काम वाढते आहे. पण वीस वर्षे केबल ओढलेला माणूस अनेकदा वीस वर्षांनीही केबलच ओढत असतो, आणि त्याच्या कामावर सही करायला पदवी घेऊन नुकताच आलेला तरुण येतो. त्या तरुणाबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती वायरमनला त्या सहीपर्यंत जाण्याची वाटच न दाखवणाऱ्या व्यवस्थेबद्दल.

विजेच्या बांधकामात दर्जा तपासणे म्हणजे झाकले जाणार आहे ते झाकण्यापूर्वी पाहणे. भिंतीला गिलावा झाला की आतला पाइप दिसत नाही. थिंबल वायरवर नीट दाबली आहे की नुसती चेपली आहे, हे पॅनलचे दार लागल्यावर कळत नाही. सैल राहिलेला जोड तापतो, तापून आणखी सैल होतो आणि एक दिवस पेट घेतो. न्यूट्रल सुटला की सिंगल फेजच्या घरात चारशे व्होल्टपर्यंत दाब चढू शकतो आणि पंखे, टीव्ही जळतात. मेगर लावून इन्सुलेशन मोजणे, पोलॅरिटी पाहणे, विजेची गळती झाल्यावर आरसीसीबी खरोखर ट्रिप होते का हे तपासणे, ही कामे अर्ध्या तासाची असतात. ती न करता भरलेला टेस्ट रिपोर्ट मात्र वर्षानुवर्षे धोका पोसतो.

अर्थिंगचेच पाहा. आज सप्टेंबरात माकणीची काळी माती पाण्याने भरलेली आहे. आज अर्थ टेस्टर लावला तर आकडा सुरेख येईल. तीच जमीन मे महिन्यात भेगाळते, खालचा मुरूम कोरडा पडतो आणि तोच आकडा कितीतरी पटींनी चढतो. म्हणूनच कोरड्या दिवसांतला आकडा खरा मानावा लागतो. पुस्तकात हे लिहिलेले आहे. पण ज्याने उन्हाळ्यात पहारीने अर्थिंगचा खड्डा खणला आहे, त्याला ते पुस्तक उघडण्याआधीच माहीत असते. पावसाळ्यातल्या आकड्यावर समाधान न मानता उन्हाळ्यात पुन्हा मोजू म्हणणारा माणूस तपासणीच्या जागी हवा.

दर्जाची किंमत या भागाला समजावून सांगावी लागत नाही. तेरा दिवसांनी ३० सप्टेंबर येईल. १९९३च्या त्या पहाटे किल्लारी-सास्तूर परिसरात भूकंपात हजारो माणसे गेली, ती बहुतांशी दगड-मातीच्या जड भिंतींखाली. भिंत कशी बांधली यावर घरातल्यांचे जगणे-मरणे ठरले. भिंतीतून जाणाऱ्या वायरलाही तोच न्याय लागू आहे.

हाताच्या कामापासून तपासणीपर्यंतची वाट चालून गेलेली माणसे महाराष्ट्रात आहेत. सांगली जिल्ह्यातल्या पेड गावचे अशोक खाडे माझगाव डॉकमध्ये शिकाऊ म्हणून लागले. ड्राफ्ट्समनचे काम करता करता त्यांनी संध्याकाळच्या वर्गांतून यांत्रिकीची पदविका घेतली, गुणवत्ता नियंत्रण विभागात गेले आणि १९८३ साली पाणबुडीच्या कामासाठी जर्मनीला गेले. पुढे भावांसोबत त्यांनी दास ऑफशोअर ही कंपनी उभारली. त्यांचे क्षेत्र जहाजांचे, पण धडा विजेच्या कामालाही लागू पडतो: संध्याकाळचे वर्ग होते म्हणून हाताच्या कामातून दर्जाच्या टेबलापर्यंत जाता आले.

आपल्याकडे पायऱ्या कागदावर आहेत. तारतंत्री परवाना आहे, त्यावर पर्यवेक्षक परवाना आहे. आयटीआय झालेल्याला पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. पण साइटवर बारा तास राबणाऱ्याला हे सांगणार कोण आणि परीक्षेसाठी सुट्टी देणार कोण? ठेकेदारांनी अनुभवी वायरमनला ड्रॉइंग वाचायला, अहवाल लिहायला शिकवले पाहिजे. शिक्षणाची कमतरता बहुतेकदा इथेच असते. दोष डोळ्यांना दिसतो, पण कागदावर नेमका मांडता येत नाही, आणि न मांडलेला दोष दुरुस्त होत नाही. वायरमननेही वहीत आपल्या हाताने आकडे लिहिण्याची सवय लावून घ्यावी.

याहून महत्त्वाचा आहे नकाराचा अधिकार. स्लॅब उद्या भरायचा आहे, साहेब घाईत आहेत, आणि पाइप चुकीचा टाकला आहे. अशा वेळी 'काम थांबवा' म्हणणाऱ्याच्या मागे कंपनी उभी राहिली नाही, तर पद कितीही मोठे असो, ते नावापुरतेच. कालपर्यंत ज्यांच्यासोबत डबा खाल्ला त्यांचेच काम परत करायला लावणे सोपे नसते. पण चूक दाखवण्याबरोबर ती कशी सुधारायची हेही तपासणीवर आलेला वायरमन हाताने करून दाखवू शकतो, म्हणून त्याचा शब्द सोबती मानतात.

मराठवाड्याने मुक्तीसाठी मोठी किंमत मोजली. त्या मुक्तीचा अर्थ माकणीच्या मुलापर्यंत पोहोचायचा असेल, तर आयटीआयच्या प्रमाणपत्रासोबत पुढचा परवाना, पदविकेचा प्रवेश आणि शिकण्याची सवड त्याला मिळाली पाहिजे. आयटीआय, ठेकेदार आणि सरकारी प्रकल्पांची कामे देणारी खाती यांनी हे एकत्र मनावर घेतले, तर पुढच्या दहा वर्षांत या जिल्ह्यातल्या सबस्टेशनवर शेवटची सही इथल्याच वायरमनची असेल. ती सही मिळवण्याचा त्याचा हक्क आहे, आणि त्या सहीवर भरवसा ठेवता येणे ही आपल्या सगळ्यांची गरज आहे.