हप्ता हरवला की माणूस सापडतो

आमच्या वस्तीतल्या एका पोराचे मोटरसायकलचे तीन हप्ते थकले. पोरगं रातोरात चाकणला पळालं. सिम बदललं, घरी पत्तासुद्धा सांगितला नाही. दीड महिन्यात वसुलीवाले त्याच्या खोलीच्या दारात उभे. गाडी ओढून नेली.

त्याच पावसाळ्यात त्याच गल्लीतली सोळा वर्षांची पोरगी शिवणक्लासला गेली ती आलीच नाही. माय पोलीस ठाण्यात गेली. ‘पळाली असंल कुणासंगं. दोन दिस वाट बघ, म्हातारे.’ माय चाळिशीची आहे. गरिबाची बाई ठाण्याची पायरी चढली की तिचं वय वाढतं आणि तिच्या पोरीची अब्रू कमी होते.

आता वसुलीवाल्यांचा इलम ऐका. त्याला म्हणतात स्किप ट्रेसिंग. जादूबिदू काही नाही. कर्जाच्या फॉर्मावर दोन ओळखीच्यांचे नंबर घेतात ते काय पाहुणचाराला? साडूला फोन, बहिणीला फोन, जुन्या मुकादमाला फोन. ‘कुरिअर आलंय, पत्ता सांगा’ अशी थाप. मग सिबिलचा कागद. पोरानं चाकणात नवा मोबाईल हप्त्यावर घेतला आणि तिथंच सापडला. नवा पत्ता, नवा नंबर त्या कागदावर चढला. अमेरिकेत १९७७ च्या कायद्यानं पत्ता विचारताना तिऱ्हाईतापाशी कर्जाचं नाव काढायला बंदी आहे. आपल्याकडं रिझर्व्ह बँकेनं २०२२ साली बजावलं, सकाळी ८ च्या आधी अन् संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन नकोत. साडूच्या दारात शिव्या पडल्या त्या रात्री दहाला.

पोलिसांजवळ तर ह्याहून मोठी हत्यारं. फोन कंपनीला रीतसर पत्र गेलं की कॉलची यादी येते, शेवटचा टॉवर कळतो. सिम फेकलं तरी त्याच हँडसेटात नवं घातलं की आयएमईआय नंबर बोंब मारतो. २०१८ साली दिल्ली पोलिसांनी चेहरा ओळखणारं यंत्र लावून पाहिलं. बालगृहांतल्या ४५ हजार पोरांतून चार दिवसांत जवळपास ३ हजार हरवलेली पोरं ओळखल्याचं कोर्टात सांगण्यात आलं. म्हणजे सरकारच्याच नजरेखाली बसलेली पोरं सरकारलाच सापडत नव्हती!

मग अडतं कुठं? सुप्रीम कोर्टानं १० मे २०१३ ला सांगितलंय, अल्पवयीन हरवलं की गुन्हा नोंदवा, अपहरण किंवा विक्री झाली असं धरूनच तपासाला लागा. त्याच वर्षी नोव्हेंबरात घटनापीठानं दखलपात्र गुन्हा नोंदवणं सक्तीचं केलं. तो खटलाही हरवलेल्या पोरीच्या बापानंच लढवला होता. दोन दिस वाट बघा असं कुठल्या कायद्यात लिहिलंय, साहेब? एसटी स्टँडवरच्या कॅमेऱ्यातलं चित्र काही दिवसांनी पुसलं जातं. वाट बघा म्हणजे पुरावा पुसू द्या.

हप्त्याला मालक आहे. मालकाला घाई आहे. पोरीला फक्त माय आहे.

परवा आम्ही वीस जण मायसोबत ठाण्यात गेलो. मोबाईलच्या खोक्यावरचा आयएमईआय नंबर कागदावर लिहून नेला. कोर्टाच्या निकालाची झेरॉक्स टेबलावर आपटली. तीन तास बसलो. एफआयआर लिहून घेतला, प्रत हातात घेतल्याशिवाय उठलो नाही. पोरगी गेल्याचा तो सतरावा दिवस. स्टँडवरचं चित्र पुसलेलं होतं.