मुद्देमाल

कोलाड स्टेशनवर उभे राहिले म्हणजे एक गंमत पाहावयास मिळते. भरलेले ट्रक आगगाडीच्या सपाट वाघिणींवर चढतात आणि ड्रायव्हर-क्लीनरसह वेर्ण्याच्या वाटेला लागतात. कोकण रेल्वेने 1999 साली सुरू केलेली ही ‘रो-रो’ सेवा. चाके थांबलेली, तरी गाडी चाललेली! पण चाके थांबली की गाडीही संपते, असा देखावा पाहायचा असेल तर महामार्गावरच्या एखाद्या पोलीस ठाण्याचे आवार पाहावे. वेलींनी वेढलेल्या रिक्षा, टायर खाली बसलेले टेंपो, गंजून एकमेकींना चिकटलेल्या मोटारसायकली. कागदोपत्री या सर्वांचे नाव एकच : मुद्देमाल.

आमच्या शेजारच्या काकांची मिनीडोर अशीच अडकली. त्यांनी ती दुसऱ्या गावच्या एका गृहस्थाकडून घेतली होती. स्टॅम्पपेपर झाला, पैसे मोजले, पेढे वाटले, पेणला आर.टी.ओ.त जाऊन नाव बदलायचे तेवढे ‘पावसाळा झाला की बघू’ म्हणून राहिले. एके संध्याकाळी नाक्यावर एका स्कूटरवाल्याला धक्का लागला. गुन्हा नोंदला गेला, पंचनामा झाला, गाडी आवारात गेली. काका सोडवायला गेले तर बुकात नाव जुन्या मालकाचे. जुन्या मालकाला निरोप धाडला, तेव्हा त्याला आठवले की शेवटचे पाच हजार आपल्याला मिळालेच नाहीत. सबब गाडी आपलीच! त्यात बुकावर एका पतपेढीचे कर्ज चढलेले. तिने तिसराच अर्ज लावला. गाडी एक, धनी तीन. पहिल्या पावसात बॅटरी गेली, दुसऱ्या पावसात सीटमधून गवत उगवले. स्टेपनी कुठे गेली, हे विचारायचे नसते.

माझे म्हणणे असे की, आपण दोन निराळे प्रश्न एकात कालवतो. गाडी कोणाची, हा एक. आणि निकाल लागेपर्यंत ती कोणी सांभाळावी, हा दुसरा. पहिल्याला वर्षे लागली तर लागोत. दुसऱ्याला महिनासुद्धा लागू नये. गावच्या कोंडवाड्यातल्या ढोरालाही वैरण-पाणी मिळे. मग ज्या गाडीवर घर चालते तिचे हाल का व्हावेत?

आणि हे काही माझ्या पदरचे शहाणपण नव्हे. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1 ऑक्टोबर 2002 रोजी हेच सांगितले. प्रकरणही मासलेवाईक! पोलिसांवरच ठाण्यातल्या मुद्देमालाच्या मौल्यवान वस्तू बदलल्याचा आरोप होता. जप्त वाहने ठाण्यात दीर्घकाळ ठेवण्यात काही हशील नाही, दंडाधिकाऱ्याने हमीपत्र व तारण घेऊन ती विनाविलंब सोडावीत, असा त्या निकालाचा आशय. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 497 मध्ये तर दिवसच मोजून दिले आहेत : वस्तू न्यायालयापुढे आल्यावर 14 दिवसांत तिचे वर्णन आणि फोटो वा चित्रीकरण, त्यापुढे 30 दिवसांत तिचे काय करायचे याचा हुकूम.

कोणी म्हणेल, मागणारे तिघे असताना द्यायची कोणाला? शंका रास्त आहे. बुकातले नाव पाहून देणे सोपे पडते, हेही कबूल. पण बुकातले नाव गाडीत तेल घालीत नाही. जिच्यावर ज्याचे पोट होते आणि जिचा ताबा ज्याच्याकडे होता, त्याच्याकडे ती सुपूर्तनाम्यावर द्यावी. त्याने तो मालक ठरत नाही. विकायची नाही, बोलावले की हजर करायची. जुना मालक आणि पतपेढी यांचे भांडण त्याने बुडत नाही. गंजलेल्या पत्र्यावर मात्र पतपेढीलाही काही वसूल होत नाही!

अर्थात सगळा दोष सरकारच्या माथी मारून मोकळे होणे बरे नव्हे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत कळवायचे असते. आपल्यापैकी सेकंडहँड मोटारसायकल घेणाऱ्या किती जणांनी हे केले आहे? (प्राध्यापकवर्गाने क्षमा करावी, प्रश्न त्यांनाही आहे.) विकणाराही सुटत नाही. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या 2018 च्या निकालात गाडी हातोहात विकली गेली होती, तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीवर नाव राहिलेल्यावरच आली.

शेवटी एका तरुण वकिलाने काकांना ताबा मिळवून दिला. मिनीडोर दुसऱ्या टेंपोला दोर बांधून आणावी लागली. इंजिन जाम, पत्रा बोटाने मोडे. भंगारवाल्याने किलोचा भाव सांगितला, पण तीही विकता येत नाही. ‘न्यायालय बोलावील तेव्हा हजर करीन’ असे लिहून दिलेले आहे. सध्या ती गोठ्यापाशी उभी आहे आणि तिच्यात कोंबड्या बसतात. तारखेला काका एस.टी.ने जातात.