साप नाही बॉस, मासा आहे!

कोकणात निघालात की पेणनंतर कासू लागतं. रोह्याच्या गाडीचा एक छोटासा थांबा. विंडो सीट मिळाली तरी आपण मोबाइलमध्ये! पण जरा बाहेर बघा. इथला खाडीकडचा पट्टा म्हणजे खारेपाट, खाडीला बांध घालून मिळवलेली भातशेती. बांधाला उघाडी असते. ओहोटीला ती शेतातलं पाणी बाहेर सोडते आणि भरतीला खारं पाणी अडवते. बांध फुटून खांड गेली, तर शेत खारवतं आणि पीक हातचं जातं.

अशाच जागी शोभणारा एक हीरो आहे. नाव पिसोडोनोफिस बोरो. इंग्रजीत राइस-पॅडी ईल, म्हणजे चक्क भातखाचरातली वाम! भारताच्या खाड्यांमध्ये राहणारा हा मासा पावसाळ्यात भातखाचरांतही शिरतो. ईस्ट इंडिया कंपनीचे डॉक्टर फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगेच्या माशांवरच्या पुस्तकात त्याची नोंद केली. लांबी एक मीटरपर्यंत, शेपटी टोकदार आणि कडक. चिखलात तो डोक्याकडूनही घुसतो आणि शेपटीकडूनही. फॉरवर्ड, रिव्हर्स, दोन्ही गिअर फुल फॉर्मात!

याच्या खानदानात ३०० हून जास्त जाती आहेत. प्रवाळ खडकांजवळच्या वाळूत राहणारा एक भाऊबंद तर विषारी समुद्रसापासारखे काळे-पांढरे पट्टे मिरवतो. शिकारी फसतात आणि लांब राहतात.

गोची अशी की समुद्रात जीव वाचवणारं हे साम्य माणसासमोर जिवावर बेततं. लांबुळकं, वळवळणारं काही दिसलं की आपली पद्धत ठरलेली: आधी काठी, मग चौकशी. आणि चौकशीत कळतं की मेला तो बिनविषारी मासा होता.

मग ओळखायचं कसं? लांबूनच बघा. समुद्रसापाची शेपटी वल्ह्यासारखी चपटी असते, अंगावर खवले असतात आणि श्वासासाठी त्याला पाण्यावर यावंच लागतं. या वामेचं अंग बिनखवल्यांचं, बुळबुळीत. पाठीवर लांब पर, डोक्यामागे कल्ल्याची फट, शेपटी अणकुचीदार.

कन्फ्यूजन आहे? मग हातही लावू नका आणि काठीही उचलू नका. समुद्रसाप खरोखरच जहाल विषारी असतात, तिथे हीरोगिरी नको. दोन पावलं मागे सरका. साप असो की मासा, त्याला तुमच्यात काडीचा इंटरेस्ट नाही. वाट मिळाली की तो आपणच निघून जाईल.