घरगुती विज्ञान : खटका कोणाचें रक्षण करतो ?

विजेवर पाणी तापविणारा गिझर ही आतां चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. बंब मोडींत निघाला, तांब्याचा हंडा माळ्यावर गेला, आणि गिझराच्या पाठोपाठ कपडे धुण्याचें यंत्र, हवा थंड करण्याचें यंत्र व विजेची शेगडी हीं सर्व घरांत येऊन बसलीं. या मंडळींस लागणारी वीज ज्या मोठ्या सॉकेटांतून मिळते त्यास आपण 'पॉवर पॉईंट' म्हणतों. भिंतीवर तो कोठें असावा, फरशीच्या रंगास तो शोभेल कीं नाहीं, याविषयीं घरांत पुष्कळ चर्चा होते. परंतु त्याची तार मागें कोठवर जाते, आणि तेथें तिच्यावर पहारा कोणाचा आहे, हें विचारणारा मनुष्य क्वचितच आढळतो. त्या पहाऱ्याविषयीं चार गोष्टी सांगण्याचें आम्हीं या महिन्यांत योजिलें आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. पॉवरच्या सॉकेटांत साध्या सॉकेटापेक्षां अधिक व्होल्टची वीज असते, असें पुष्कळांस वाटतें. तसें नाहीं. आपल्याकडे घरगुती वीज 230 व्होल्टची. देवघरांतील लहान दिव्यास जी मिळते तीच गिझरास मिळते. भेद आहे तो प्रवाहाचा. लहान सॉकेट 6 अँपियरसाठीं असतें, मोठें 16 अँपियरसाठीं. एकाच टाकीवरून एक बारीक व एक रुंद नळ काढावा, तसें हें आहे. कोणत्या यंत्रास किती प्रवाह लागेल, हें काढणें शाळेंतील मुलासही जमेल : यंत्रावर लिहिलेल्या वॅटांस 230 नें भागावें. 2000 वॅटचा गिझर पावणेनऊ अँपियरच्या आसपास घेतो, 3000 वॅटचा 13.

ज्यांचीं मुलेंबाळें अमेरिकेंत आहेत त्यांस मात्र तेथें निराळा प्रकार दिसेल. तेथें साधें सॉकेट 120 व्होल्टचें असतें. परंतु कपडे वाळविण्याचें यंत्र व विजेची चूल यांस 240 व्होल्ट लागतात, आणि ते पेटींतील दोन जिवंत तारांमधून, एकदम पडणाऱ्या जोडखटक्यांतून घेतात. 1996 पासून तेथील नियमांप्रमाणें या यंत्रांच्या नव्या सॉकेटांस दोन जिवंत, एक न्यूट्रल व एक अर्थ अशा चार तारा लागतात. त्यापूर्वीं तीन तारांवर भागवीत, व न्यूट्रल आणि अर्थ यांचें काम एकच तार करी. देश निराळा, तारांची संख्या निराळी, परंतु पुढें जें तत्त्व सांगावयाचें आहे तें दोहोंकडे एकच.

आतां आपल्या घरांतील पेटीकडे वळूं. वायरमन तिला 'डी. बी.' म्हणतात. मीटरपासून निघालेल्या फेज व न्यूट्रल या दोन तारा प्रथम मुख्य स्विचांत येतात, तेथून आर्. सी. सी. बी. नांवाच्या यंत्रांत, आणि पुढें फेजची तार ओळीनें बसविलेल्या लहान खटक्यांत वांटली जाते. हे खटके म्हणजेच एम्. सी. बी. पूर्वीं यांच्या जागीं फ्यूज असे व प्रवाह वाढला कीं त्यांतील बारीक तार वितळे. आतां कांहीं न वितळतां खटका खालीं पडतो. न्यूट्रलच्या सर्व तारा एका पट्टीवर, आणि अर्थच्या हिरव्या तारा दुसऱ्या पट्टीवर येतात. प्रत्येक मोठ्या यंत्रास या पेटीपासून स्वतंत्र तीन तारा व स्वतंत्र खटका असावा, हा पहिला नियम होय.

दुसरा नियम असा कीं, खटका केवढ्या अंकाचा हवा, हें तारेवरून ठरवावें. तांब्याच्या 1.5 चौरस मिलिमीटर तारेस 6 किंवा 10 अँपियरचा, 2.5 च्या तारेस 16 चा, आणि 4 च्या तारेस 20 किंवा 25 चा खटका चालतो. मात्र शेवटीं 16 अँपियरचें सॉकेट असेल तर तार कितीही जाड असली तरी खटका 16 चाच बरा. जाड तारेवर लहान खटका चालेल. बारीक तारेवर मोठा खटका कदापि चालणार नाहीं.

हे दोन्ही नियम मोडले म्हणजे काय होतें, याचें एक उदाहरण आमच्या परिचयाच्या एका घरीं घडलें. घर अकरा माणसांचें. न्हाणीघरांत 3000 वॅटचा गिझर होताच. पुढें पाणी तापवून कपडे धुणारें 2000 वॅटचें यंत्र आलें, आणि त्याची तार पेटीपर्यंत न नेतां गिझराच्या सॉकेटांतूनच पुढें ओढली. दोन्ही एकदम चाललीं म्हणजे जवळजवळ 22 अँपियर प्रवाह वाही आणि थोड्या वेळानें 16 चा खटका पडे. सकाळच्या गर्दींत हें रोज होऊं लागलें, तेव्हां थोरल्या चिरंजीवांनीं ओळखीच्या एका माणसाकरवीं 16 च्या जागीं 32 चा खटका बसविला. खटका पडणें थांबलें व सर्वांस समाधान वाटलें. दोन महिन्यांनीं धाकटी सून सांगूं लागली कीं, न्हाणीघरापाशीं कांहींतरी जळल्यासारखा वास येतो. तिला उत्तर मिळालें, "खटका पडत नाहीं, त्या अर्थीं सर्व ठीक आहे." तिनें तिसऱ्यांदां सांगितलें तरी कोणी उठेना, तेव्हां तिनें स्वतःच मुख्य स्विच बंद केला व सासूबाईंस बोलावून भिंत दाखविली. सॉकेटाचें तोंड तपकिरी झालें होतें; उघडून पाहतां आंतील तारेचें वेष्टण कोळशासारखें ठिसूळ होऊन गळून पडत होतें. सुदैवानें कोणास इजा झाली नाहीं. त्या दिवशीं कपडे धुवावयाचे राहिले, एवढेंच.

थोरल्या चिरंजीवांचा तर्क कोठें चुकला, तें पाहण्यासारखें आहे. खटका आपल्या अंकाहून थोडा अधिक प्रवाह झाला कीं तत्काळ पडतो, अशी समजूत असते. मानकाप्रमाणें अंकाच्या 1.45 पट प्रवाहासही त्यास पडावयास एक तासापर्यंत अवधि असतो. 16 च्या खटक्यास ही मर्यादा सुमारें 23 अँपियर येते. 32 च्यास 46. म्हणजे बारीक तारेंतून 46 अँपियर वाहत असतांही 32 चा खटका तासभर स्वस्थ बसूं शकेल. आणि तारेंतील उष्णता तर प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. जेम्स जूल यानें 1841 सालींच हें दाखविलें. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते.

शिवाय दुसरी एक गोष्ट अशी कीं, सॉकेटाचा स्क्रू ढिला असेल, किंवा तारेचे सर्व पदर त्याखालीं आले नसतील, तर योग्य तेवढ्याच प्रवाहानेंही तो सांधा तापतो. प्रवाह वाढलेला नसल्यामुळें कोणत्याही अंकाच्या खटक्यास त्याचा पत्ता लागत नाहीं. तेथें मनुष्याचें नाक व हात हींच साधनें. स्विचबोर्डापाशीं दिवसांतून दहा वेळां जिला जावें लागतें, तिला प्लग गरम लागला किंवा वास आला, तर तो तिचा भास न समजतां त्याच क्षणीं लाईन बंद करावी. वारंवार पडणारा खटकाही असाच मानावा. तो बदलूं नये. तो कां पडतो तें शोधावें.

आतां अधिक महत्त्वाचा मुद्दा. उंबऱ्यावर ठेविलेला दिवा देहलीदीपन्यायानें ओटी व माजघर दोन्ही उजळतो. खटका तसा दुहेरी उपयोगाचा नाहीं. तो तारेचें रक्षण करतो, मनुष्याचें नव्हे. कॅलिफोर्निया विद्यापीठांतील चार्ल्स डाल्झिएल यांनीं प्रयोगांनीं मोजलें कीं, मुठींत धरलेली जिवंत तार स्वतःहून सोडण्याची शक्ति पुरुषांत सरासरीनें 16 व स्त्रियांत साडेदहा मिलिअँपियरपर्यंतच टिकते. 16 अँपियर म्हणजे 16 मिलिअँपियरच्या हजारपट. ज्या प्रवाहानें मनुष्याची मूठ उघडत नाहीं, तो खटक्याच्या लेखीं नसल्यासारखाच.

मनुष्याचें रक्षण करणारे दोघे निराळे आहेत. एक अर्थिंग. गिझराचें धातूचें अंग हिरव्या तारेनें जमिनीशीं जोडलेलें असतें. आंत फेज सुटून त्या अंगास लागली तर मोठा प्रवाह त्या वाटेनें जातो व खटका पडतो. प्लगाची वरची पिन इतर दोहोंहून लांब व जाड असते ती याचसाठीं, कीं ती सर्वांआधीं जोडली जावी व सर्वांमागून सुटावी. दुसरा रक्षक आर्. सी. सी. बी. फेजनें गेलेला व न्यूट्रलनें परतलेला प्रवाह तो सतत ताडून पाहतो. घरगुती उपयोगाच्या यंत्रांत ही तूट 30 मिलिअँपियर झाली कीं तें क्षणार्धांत वीज तोडतें. मात्र फेज व न्यूट्रल दोन्ही एकदम हातांत धरणारास तें वांचवूं शकत नाहीं, आणि तारेवर भार वाढला तर त्यास कळतही नाहीं. म्हणून तिघेही हवेत. एकानें दुसऱ्याचें काम होत नाहीं.

येथें एका घातक प्रथेचा निषेध केल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं. जुन्या घरांतून कित्येकदां अर्थची तार सॉकेटापर्यंत आलेलीच नसते. अशा वेळीं कोणी कारागीर वरच्या छिद्राचा स्क्रू न्यूट्रलच्या स्क्रूस तारेच्या तुकड्यानें जोडून देतो. दिवा लावून पाहतां तो लागतो, व मालक संतुष्ट होतो. परंतु मागें कोठेंही न्यूट्रलची तार सुटली, कीं चालू गिझराचें सर्व अंग फेजचें होऊन बसतें, आणि ओल्या अंगानें त्यास हात लावणारास तें कळावयास अवकाशही मिळत नाहीं. अमेरिकेंतील तीन तारांच्या जुन्या जोडणींतही हाच धोका होता. अर्थची तार नसेल तर ती पेटीपासून नवी ओढावी. दुसरा उपाय नाहीं.

सॉकेटाची जोडणी बरोबर आहे कीं नाहीं, हें घरांतील सुशिक्षित मनुष्यानें काम चाललें असतांच पाहावें. सॉकेटाकडे तोंड करून उभें राहिलें असतां वरचें मोठें छिद्र अर्थचें, उजवीकडचें फेजचें, डावीकडचें न्यूट्रलचें. भिंतींतील प्रचलित रंग : तांबडा, पिवळा किंवा निळा फेजचा, काळा न्यूट्रलचा, हिरवा अर्थचा. यंत्राच्या दोरींत मात्र तपकिरी फेज, निळा न्यूट्रल, आणि हिरवा-पिवळा अर्थ असतो. म्हणजे निळी तार भिंतींत फेज असूं शकते व दोरींत न्यूट्रल. या एका रंगापाशीं विशेष सावध राहावें. स्विच फेजच्याच तारेंत असावा. तो न्यूट्रलमध्यें बसविला तर यंत्र बंद दिसतें, पण आंत वीज उभीच असते.

हें सर्व आम्ही सांगतों तें वाचकांनीं स्वतः पेटी उघडावी म्हणून नव्हे. नवी लाईन ओढणें हें परवानाधारक विद्युत् कंत्राटदाराचें काम आहे व कायद्यासही तेंच मान्य आहे. आपलें काम प्रश्न विचारण्याचें : या सॉकेटाची तार किती चौरस मिलिमीटरची ? खटका कितीचा ? अर्थची तार पेटीच्या पट्टीपर्यंत आहे काय ? या तीन प्रश्नांस जो त्रासतो त्यास काम देऊं नये. पेटींत प्रत्येक खटक्याखालीं तो कोणत्या खोलीचा तें मराठींत लिहून ठेवावें, म्हणजे प्रसंगीं आजीबाईंसही योग्य खटका पाडतां येईल. आर्. सी. सी. बी. वर 'टी' अक्षराचें एक लहान बटन असतें. तें महिन्यांतून एकदां दाबावें. दाबतांच घर अंधारलें तर पहारेकरी जागा आहे; न अंधारलें तर त्याच दिवशीं कारागीर बोलवावा. तिथि लक्षांत राहावी म्हणून संकष्टीचा दिवस बरा. चंद्रोदयापूर्वीं, सर्व मंडळी घरांत असतां हें काम एका मिनिटांत उरकतें.