घर कोणाच्या नावावर?



सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेचं पाणी धाराशिव-सोलापूरच्या गावांत शिरलं, तेव्हापासून ‘घरं उभारायला आमचा गट येऊ का?’ असं अनेकजणी विचारतात. जरूर जावं. पण जाण्याआधी किल्लारीची आठवण करून द्यावीशी वाटते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं स्वतःच्याच घराखाली गाडली गेली. दगडमातीच्या जाडजूड भिंती, पण दोन पदरी. पदर एकमेकांना धरून ठेवणारा आरपार दगड नाही आणि डोक्यावर माळवदाची मणामणाची माती. देशभरातून स्वयंसेवक आले. आम्हीही ढिगारे उपसले, पत्रे ठोकले. इंजिनिअर येत ते पारावर बसलेल्या पुरुषांशी बोलून जात. घरात वावरणारी, चूल कुठे नि दार कुठे हवं हे जाणणारी बाई मात्र चहा करत असे. नव्या बांधकामावर पाणी मारायचं तर ते डोक्यावरून आणणार तीच. गवंड्याला मजुरी, बिगाऱ्याला मजुरी, आणि हिचं? ‘घरचंच काम’! श्रमदान या शब्दाची मला तेव्हापासून जरा धास्तीच आहे. दान कोण करतं आणि कोणाकडून नुसतं गृहीत धरलं जातं, हे त्यात दिसत नाही.

पुढे जागतिक बँकेच्या साहाय्याने घरदुरुस्तीचा कार्यक्रम आला. त्यात ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’च्या पुढाकाराने गावोगावच्या बायका संवाद सहायक झाल्या. आरपार दगड कुठे घालायचे, सिमेंटचा पट्टा भिंतीवरून सलग फिरलाय का, माळवदाची माती किती उतरवायची, हे त्या शिकल्या नि गवंड्याला टोकूही लागल्या. २००१ साली कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा यांतल्याच काहीजणी तिथल्या बायकांना भेटायला गेल्या. दया म्हणून नव्हे, माहीतगार म्हणून. मला स्वयंसेवा म्हणायची ती याला.

राहिला प्रश्न नावाचा. घर पती-पत्नी दोघांच्या नावे लावण्याचा शासन आदेश २००३ चा आहे. तरी ग्रामपंचायतीचा नमुना आठ उघडला की कितीतरी ठिकाणी एकट्या नवऱ्याचंच नाव! टाकलेल्या बाईने, विधवेने मदतीच्या यादीत बसायचं कुठे? तिचं पडलेलं घर दिराच्या नाहीतर भावाच्या नावावर असतं, आणि अनुदान त्याच्या खात्यात जातं.

म्हणून ज्या गटांना जायचं आहे त्यांनी गवंडीकाम जाणणारी एक तरी बाई सोबत न्यावी. पाणी वाहणाऱ्या बाईची मजुरी पहिल्याच बैठकीत धरून घ्यावी. आणि पाया खणण्याआधी नमुना आठचा उतारा मागावा. सरपंच म्हणतील, ‘आधी घर होऊ द्या, नावाचं मग बघू.’ तिथून हलू नका.