सर्पदंशाचे पान आणि नववीचा वर्ग

पूर्वी शाळेचा प्रकल्प म्हणजे फुलस्केप कागदावर चिकटवलेली चित्रे असायची. वर्षअखेरीस ती रद्दीत जायची. आता अनेक वर्ग मिळून एक संकेतस्थळ तयार करतात आणि प्रत्येक गट आपापल्या विषयाचे पान लिहितो. कल्पना चांगली आहे. मात्र हे पान कोणाच्याही मोबाइलवर उघडते, आणि विषय आरोग्याचा असेल तर वाचणारा त्याप्रमाणे वागूही शकतो.

समजा, नववीच्या मुलांनी सर्पदंश हा विषय घेतला. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले, असा संशोधकांचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. एक मुलगा घरातल्या जुन्या पुस्तकातून लिहितो, ‘दंशावर चीर देऊन रक्त काढावे, वरच्या बाजूला दोरी आवळावी.’ त्याने मनाचे काहीच घातलेले नाही, पुस्तकात तसे छापलेलेच आहे. आजचे वैद्यकशास्त्र मात्र दोन्ही गोष्टी करू नका, असे सांगते. घोणस आणि फुरशाच्या विषाने रक्त गोठण्याची क्रियाच बिघडते. अशा वेळी दिलेली चीर वाहतच राहते. आवळलेल्या दोरीने हातापायाचा रक्तपुरवठा तुटतो. दुसरी मुलगी इंग्रजी पानावरून रॅटलस्नेकची माहिती उतरवते. हा साप आपल्याकडे नाहीच. आपल्याकडचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांसाठी बनते. तिसरा लिहितो, ‘सूज नसेल तर घाबरू नये.’ हे सर्वांत घातक. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते तेव्हा अनेकदा ना सूज येते, ना धड खूण दिसते.

तिघेही मेहनती आहेत. त्यांना कोणी विचारलेच नाही की हे वाक्य कुठून आणलेस, ते केव्हाचे आहे आणि कुठल्या देशातले आहे.

सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात २०१३ पासून वैद्यकीयच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विकिपीडियावरील आरोग्यविषयक लेख सुधारण्याचे काम अभ्यासक्रमाचा भाग म्हणून देण्यात आले. पहिल्या ४३ विद्यार्थ्यांनी चांगले संदर्भ घातले आणि कच्चे संदर्भ काढूनही टाकले. मला यातले काढणे जास्त मोलाचे वाटते. आपल्याकडे २०११ मध्ये पुण्यातील काही महाविद्यालयांत इंग्रजी विकिपीडियासाठी असाच उपक्रम झाला. तिथे पुस्तकांतले आणि संकेतस्थळांवरचे परिच्छेद जसेच्या तसे उतरवलेले सापडू लागले आणि त्याच वर्षी तो थांबवावा लागला. विद्यार्थ्यांना नावे ठेवणे सोपे आहे. पण पहिलीपासून फळ्यावरचे उतरवून घेण्यालाच आपण अभ्यास म्हणत आलो, त्याचे काय? आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेकडून तयार परिच्छेद मिळतो. त्यात उतरवण्याचेही कष्ट नाहीत.

म्हणून गुण देण्याची रीत बदलावी. पान किती लांब आणि चित्रे किती, हे पाहू नये. प्रत्येक दाव्यापुढे स्रोताचे नाव आणि वर्ष असावे, तो स्रोत गटातल्या दुसऱ्या मुलाने उघडून वाचलेला असावा. दुसऱ्याची ओळ बदलायची तर त्याला कारण सांगून बदलावी. चुकीची ओळ शोधणाऱ्याला नवी ओळ लिहिणाऱ्याइतकेच गुण मिळावेत. रुग्णाचा फोटो संमतीशिवाय टाकू नये, मग तो सख्खा काका का असेना.

उतरवण्यापलीकडचे काम करायचे असेल तर तेही गावातच आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन विचारावे, इथे प्रतिविष असते का? नसेल तर सर्वांत जवळ कुठे मिळते? तिथे पोहोचायला किती वेळ लागतो? ही माहिती परदेशी पानावर सापडणार नाही. ती विचारल्याची तारीख घालून लिहावी, कारण साठा संपतो.

मार्चमध्ये वर्ग सुटतो आणि पान बेवारस होते, ही खरी अडचण. जूनमध्ये नव्या नववीला नवा विषय देण्याआधी आदल्या वर्षीचे हेच पान तपासायला द्यावे आणि आरोग्य केंद्रात पुन्हा एकदा पाठवावे. शक्यतो पेरण्यांच्या आधी, कारण पावसाळ्यात दंश वाढतात.